ताबा लांबला, मदतीला माणसं तयार आहेत: घर हलवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या घरात चौघं राहतात: नवरा-बायको, सासूबाई आणि सातवीत गेलेली मुलगी. बदलापूरला स्वतःचा वन बीएचके घेतलाय. ताबा आधी गुढीपाडव्याला मिळणार होता, मग अक्षय्य तृतीयेला, आता बिल्डर 15 जून म्हणतोय. भाडेकरार 30 जूनला संपतो. सगळं काम पॅकर्स-मूव्हर्सना देण्याएवढे पैसे हातात नाहीत. पण दोन दीर, भाऊ, ऑफिसातल्या मैत्रिणी आणि नवऱ्याचे जुने मित्र असे बारा-तेरा जण मदतीला तयार आहेत. त्यांना दोनदा रविवार मोकळा ठेवायला सांगितलं आणि दोन्ही वेळा रद्द करावं लागलं. ताईंनी शेवटी विचारलंय, "आता तिसऱ्यांदा कोणत्या तोंडाने बोलवू?"

ताई, कल्याण-डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यात मी 24 वर्षं घरसामान हलवतोय. सुरुवात दुसऱ्याच्या टेम्पोवर हमाल म्हणून केली, आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत. माझ्याकडे येणारी निम्मी घरं तुमच्यासारखीच असतात. गाडी माझी, जड सामानाला दोन माणसं माझी, बाकी सगळे घरचे. त्यामुळे तुमच्या शेवटच्या वाक्यातली लाज मला ओळखीची आहे. नवीन घराच्या आनंदात हे ओझं कोणाच्या लक्षात येत नाही, पण तारीख सरकली की गृहिणीच्या मनावर सगळ्यात जास्त तेच असतं. म्हणून सामानाच्या आधी माणसांबद्दल लिहितो.

तुमची चूक झाली ती एवढीच, की सगळं काम एका रविवारावर टाकलंत आणि सगळ्या माणसांना त्याच रविवारी बोलावलंत. घर हलवण्याच्या कामाचे दोन भाग असतात. बांधाबांध, निवडानिवड, रद्दी काढणं, माळा रिकामा करणं, खोकी जमवणं, कागदपत्रं लावणं याला तारीख लागत नाही. ताबा 15 जूनला मिळो की 15 ऑगस्टला, हे काम वाया जात नाही. तारखेला बांधलेलं असतं ते फक्त चढवणं, नेणं आणि उतरवणं, आणि तेवढं काम पाऊण दिवसाचं आहे. माझ्या अंदाजाने एकूण कष्टांपैकी तीन हिस्से पहिल्या भागात जातात आणि एक हिस्सा दुसऱ्यात. लोक मदतीला बोलावतात ते मात्र त्या एका हिश्शासाठी. मग ताबा लांबला की सगळीच मदत लांबते आणि पुढच्या वेळी निम्मी गळते.

तेव्हा आता तिसरी तारीख कोणालाही देऊ नका. आज संध्याकाळी एकेकाला फोन करा. सगळ्यांना मिळून एक मेसेज नको, फोनच करा. सरळ सांगा की ताबा पुन्हा पुढे गेलाय, तुमचे दोन रविवार आमच्यामुळे अडकले याचं वाईट वाटतं, आणि किल्ली हातात आल्याशिवाय आता तुम्हाला दिवस मोकळा ठेवायला सांगणार नाही. मग प्रत्येकाला एक नेमकं काम द्या. "मदतीला या" म्हटलं की माणूस येतो, दाराशी उभा राहतो आणि काय करू विचारत राहतो. "वहिनी, पुढच्या आठवड्यात एक संध्याकाळ येऊन माझ्याबरोबर काचेची भांडी बांधाल का?" असं विचारलं की त्याला सुरुवात असते आणि शेवटही असतो. ऑफिसातल्या मैत्रिणींना सामान उचलायला बोलवू नका. सुटल्यावर दोन तास येऊन त्यांनी पुस्तकं आणि कपडे भरून दिले तर तुमच्या चार रात्री वाचतील.

आता 15 जूनबद्दल. बिल्डरला एकच गोष्ट विचारा आणि ती ईमेलवर लेखी विचारा: नगरपरिषदेकडून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाता येईल असा दाखला, ज्याला ओसी म्हणतात, तो मिळालाय का? मिळालं असेल तर प्रत मागा. मिळालेलं नसेल तर 15 जून ही तारीख नाही, ती इच्छा आहे असं समजा. पुष्कळ ठिकाणी ओसीच्या आधीच "फर्निचर करून घ्या, सामान आणून ठेवा" असं म्हणून किल्ली देतात. तीन-तीनदा थांबलेल्या माणसाला ती घ्यावीशी वाटते. घेऊ नका. महाराष्ट्रात फ्लॅटसाठी 1963 साली मोफा कायदा झाला. असं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही, असं त्यात आहे. व्यवहारातली अडचण तर माझ्या डोळ्यांसमोरची आहे. ओसी नसलेल्या इमारतीत मी सामान उतरवलंय. तिथे पाणी टँकरचं होतं, लिफ्टचा परवाना झालेला नव्हता आणि पाच मजले जिन्याने चढवावं लागलं होतं. त्या घरातली आजी नंतर कित्येक दिवस खाली उतरू शकली नाही.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 2016 च्या रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणारे यांच्यासाठीच्या कायद्याप्रमाणे ओसी आल्यापासून दोन महिन्यांच्या आत ताबा घ्यायचा असतो. म्हणजे आज ओसी आली म्हणून उद्याच टेम्पो लावण्याची घाई नाही. पाऊस, शाळा, मदतीची माणसं बघून दिवस ठरवायला वेळ मिळतो. शिवाय करारात लिहिलेली ताब्याची तारीख उलटून गेली असेल, तर याच कायद्याच्या कलम 18 प्रमाणे उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागायचा हक्क तुम्हाला आहे. ताब्याच्या पत्रावर सही करताना "आमची काही तक्रार वा मागणी नाही" अशी ओळ दिसली तर थांबा आणि आधी वकिलाला दाखवा.

घरमालकाशी आजच बोला, 29 जूनला नको. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम 24 आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर मालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते. बहुतेक घरमालक त्या टोकाला जात नाहीत. पण "अजून दोन महिने राहू द्या, वाढीव करार रीतसर नोंदवू" असं महिनाभर आधी सांगणारा भाडेकरू आणि शेवटच्या दिवशी हात जोडणारा भाडेकरू यांच्याशी ते सारखे वागत नाहीत. नवीन भाडेकरू आधीच ठरला असेल तरच सामान दुसरीकडे ठेवायचा विचार करा. अंबरनाथला दिरांकडे एक खोली मोकळी आहे असं तुम्ही लिहिलंय. तरीही घर दोनदा हलवणं मला पसंत नाही. प्रत्येक चढ-उतारीत काहीतरी मोडतं आणि माणसंही दोनदा लागतात. अगदीच वेळ आली तर तिथे फक्त माळ्यावरचं, पाहुण्यांच्या गाद्या आणि पुस्तकं पाठवा. पावसाळ्यात खोकी जमिनीवर ठेवू नका. खाली पाट किंवा फळ्या टाका आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. भिंतीची ओल पुठ्ठ्याला आठ दिवसांत धरते.

बांधाबांधीचा क्रम उशीर गृहीत धरूनच ठरवा. अर्धं घर बांधून तीन-चार आठवडे राहावं लागणार आहे. आधी माळा, मग शोकेस, मग पुस्तकं, मग सणावाराची भांडी आणि ठेवणीतले कपडे. स्वयंपाकघर अगदी शेवटी. एक कुकर, एक कढई, तवा, पोळपाट-लाटणं, चहाचं पातेलं आणि माणशी एक ताट-वाटी-पेला एवढ्यावर चौघांचं घर महिनाभर चालतं. मुलीची शाळेची पुस्तकं, गणवेश, रेनकोट, छत्र्या आणि सासूबाईंची औषधं कुठल्याही खोक्यात घालू नका. जूनमध्ये शाळा सुरू होतात. पहिल्या दिवशी गणवेशासाठी बावीस खोकी उघडलेलं एक घर मला अजून आठवतं. त्या बाई रडवेल्या झाल्या होत्या आणि मुलगी दप्तर घेऊन दारात उभी होती.

खोकी किराणा दुकानातून आणि औषधाच्या दुकानातून मिळतात. औषधांची खोकी लहान आणि मजबूत असतात, त्यांत पुस्तकं भरा. पुस्तकांचं मोठं खोकं कधीच करू नका, तळ फाटतो आणि उचलणाऱ्याची कंबर धरते. खोकं घरातल्या सगळ्यात बारीक माणसाला गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलता आलं पाहिजे, एवढंच माप ठेवा. स्टीलची भांडी जुन्या साड्यांत आणि चादरींत गुंडाळा. साड्या तशाही न्यायच्याच आहेत आणि रद्दीची शाई भांड्यांना लागते. काचेच्या बशा आडव्या रचू नका, उभ्या लावा. प्रत्येक खोक्याच्या दोन बाजूंना नंबर टाका आणि वहीत त्यासमोर थोडक्यात आत काय आहे ते लिहा. "किचन" एवढंच लिहून भागत नाही. "17 – मसाल्याचा डबा, किसणी, गाळण्या, चिमटा" असं लिहा. तुमच्या घराची चाळीसच्या आसपास खोकी होतील. ही वही सासूबाईंना सांभाळायला द्या. नंतर काय कुठे आहे हे विचारून विचारून तुम्हीच थकणार असता आणि त्यांनाही हातभार लावल्याचं समाधान मिळतं. म्हातारी माणसं या दिवशी खुर्चीत बसवून ठेवलेली असतात. त्यांचं घर त्यांच्या डोळ्यांदेखत उचललं जात असतं, हे फार वाईट दिसतं.

पलंग खोलला की बोल्ट, नट आणि पाना एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच पलंगाच्या फळीला चिकटपट्टीने लावायची. वेगळ्या डब्यात नाही, खिशात तर अजिबात नाही. खोलण्याआधी सांध्यांचे मोबाइलवर चार फोटो काढा. गॅसच्या दांड्यांवर उचलणारा स्टोरेजचा पलंग असेल तर तो मात्र सुताराकडून खोलून घ्या. त्या दांड्यांत दाब असतो. वजन निघालं की झाकण झटक्याने वर येतं.

आता जड सामान. इथे मी तुम्हाला हट्टाने सांगणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. लोखंडी कपाट, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि सोफा या चार वस्तूंना घरच्या माणसांनी हात लावायचा नाही. त्यासाठी दोन अनुभवी हमाल सांगा. सगळं काम पॅकर्सना देण्याच्या खर्चापुढे दोन माणसांची पाऊण दिवसाची मजुरी थोडी आहे.

कारण सांगतो. कल्याणच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवायचं होतं. मी गाडी घेऊन पोचायला अर्धा तास उशीर केला होता. सहा चुलतभाऊ होते, अंगाने धडधाकट. ते म्हणाले आम्हीच उतरवतो. त्या जिन्याचं वळण अरुंद होतं आणि कठड्याला लोखंडी पट्ट्या होत्या. वरून चौघांनी धरलं आणि खालच्या बाजूला दोघं राहिले, त्यांतला एक अठरा वर्षांचा. मी गेटातून आत आलो तेव्हा कपाट वळणावर तिरकं अडकलेलं होतं. वरचे "सोड, सोड" म्हणत होते आणि खालच्याला ते "सरक" असं ऐकू आलं. त्याची दोन बोटं कपाट आणि कठड्याच्या मध्ये सापडली. आवाज झाला नाही. तो नुसता पांढराफटक पडला. मग सगळेच दवाखान्यात गेले आणि घर त्या दिवशी हललं नाही. मी वेळेवर पोचलो असतो तर हे झालं नसतं, हे माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हापासून गाडी सुटायच्या आधीच मी फोन करून सांगतो की मी येईपर्यंत कपाटाला हात लावू नका.

हमाल हेच काम कसं करतात ते तिथे उभं राहून बघा. कपाट आधी रिकामं करतात, आतल्या फळ्यासुद्धा काढतात, दारं कुलूपबंद करून वरून दोर आवळतात. जिन्यात अनुभवी माणूस खाली असतो, कारण सगळं वजन खाली येतं. वळणावर कपाट आधी पूर्ण उभं करतात, तळाच्या एका कोपऱ्यावर फिरवतात आणि मगच पुन्हा तिरकं करतात. बोलतो एकच जण, बाकी कोणी तोंड उघडत नाही. एकाच आवाजावर सगळं चालतं म्हणून कोणाचं बोट सापडत नाही. नवीन इमारतीत लिफ्ट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लिफ्टमध्ये "6 व्यक्ती, 408 किलो" अशी पाटी असते, पण कपाट वजनाने नाही, उंचीने अडतं. किल्ली मिळाल्या दिवशी टेप घेऊन जा. लिफ्टचं दार, घराचं दार, पॅसेजचं वळण मोजा आणि घरी येऊन कपाटाशी ताडून बघा.

फ्रीज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्या, आतून पुसून कोरडा करा. टेम्पोत तो उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. उभा नेला तरी नव्या घरात तीन-चार तास तसाच राहू द्या आणि मग चालू करा. आडवा न्यावाच लागला तर पूर्ण दिवस थांबा. समोरून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर त्याच्या ड्रमला अडकवायचे बोल्ट नवीन मशीनबरोबर आलेले असतात, ते शोधून लावा. नळीतलं पाणी काढा. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून त्यावर दोरीला बांधलेली सुरक्षा टोपी बसवा आणि सिलिंडर उभाच ठेवा. कनेक्शन बदलण्याचं तुमच्या एजन्सीत आधीच विचारून ठेवा. दागिने, घराचा करार, बँकेची कागदपत्रं, मुलीचे दाखले एका पिशवीत घाला. ती पिशवी टेम्पोत नाही, तुमच्या खांद्याला.

गाडीबद्दल. छोटा हत्ती स्वस्त पडतो म्हणून लोक तो सांगतात आणि मग दोन फेऱ्या होतात. डोंबिवलीतल्या डोंबिवलीत दोन फेऱ्या चालतात. बदलापूरला चालत नाहीत. काटई नाक्यावरून खोणी, नेवाळी करत जायचं आणि परत यायचं यात माणसं नुसती बसून राहतात, आणि दुसरी फेरी अंधारात उतरते. तुमच्या सामानाला 407, म्हणजे टाटाचा मोठा टेम्पो, घ्या, एका फेरीत होईल. हौद्याला वरून ताडपत्री हवी. जूनमध्ये आकाश स्वच्छ दिसलं तरी हवी आणि फाळक्याच्या बाजूनेही बांधायला हवी, पाऊस मागून जास्त आत येतो. टेम्पोवाल्याला पैसे देतानाच विचारा की तारीख बदलली तर काय. दोन दिवस आधी कळवलं तर पैसे पुढच्या तारखेला वळते करायला बहुतेक जण तयार असतात. मी तरी करतो. मात्र आदल्या रात्री दहा वाजता कळवलं तर आमचीही दुसरी सगळी भाडी सुटलेली असतात.

पावसाचा आणखी एक मुद्दा. काम जुलैवर गेलंच तर उल्हास नदीचा आणि हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय दिवस ठरवू नका. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, ते तुम्हाला आठवत असेलच. त्या भागात जोराचा पाऊस लागला की रस्ताही जातो आणि लोकलही जाते. आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. तुमचे मित्र ठाण्याहून आणि मुलुंडहून येणार आहेत. ब्लॉक कुठल्या मार्गावर आणि किती वाजता ते आधी एक-दोन दिवस जाहीर होतं. ते बघून त्यांना वेळ सांगा, नाहीतर साडेआठचा माणूस साडेअकराला पोचतो. माझं मत विचाराल तर रविवारचा नाद सोडा. शनिवार घ्या किंवा चक्क मधला वार घ्या. नवीन सोसायट्या रविवारी सामान चढवायला देत नाहीत, असंही बऱ्याच ठिकाणी असतं. कोणत्या वेळेत लिफ्ट वापरू देतात, किती पैसे भरायचे, परवानगीचं पत्र लागतं का, हे दोन्ही सोसायट्यांत आधी विचारा.

मधल्या वाराला माणसं कुठून येणार, असं म्हणाल. माझ्या बहिणीचं सांगतो. तिचाही ताबा तीनदा पुढे गेला होता. शेवटी किल्ली मिळाली सोमवारी आणि जुनं घर गुरुवारच्या आत सोडायचं होतं. आम्ही बुधवार धरला. नोकरीवाले सगळे कामावर. आले ते निवृत्त लोक: मेव्हण्यांचे काका, शेजारचे एक मास्तर, बहिणीची नणंद आणि मी. मास्तरांनी वही हातात घेतली आणि नव्या घराच्या दाराशी स्टूल टाकून बसले. प्रत्येक खोलीच्या दारावर त्यांनी आधीच कागद चिकटवले होते. हमाल खोकं घेऊन आला की ते नंबर वाचायचे, "बत्तीस, आतली खोली, उजवीकडे" म्हणायचे आणि वहीत खूण करायचे. दुपारी अडीचला त्यांनी चष्मा काढून सांगितलं की एक्केचाळीस आली, एकोणीस नंबर नाही. एकोणीस नंबरचं खोकं जुन्या घराच्या दारामागे राहिलं होतं. माझ्या इतक्या वर्षांत खोकं त्याच दिवशी, गाडी उभी असतानाच सापडल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय. त्या दिवशी घरच्या एकाही माणसाने वीस किलोच्या वरचं काही उचललं नाही. तुमच्या यादीत निवृत्त कोणी असेल तर त्यांना आधी फोन करा.

सासूबाई म्हणतायत की आषाढी एकादशीनंतर गृहप्रवेश नको. त्यांचं मन मोडू नका. माझ्याकडची पुष्कळ घरं असं करतात की किल्ली मिळाली की पहिल्या चांगल्या दिवशी घरचीच चार माणसं जाऊन कलश ठेवतात, दूध उतू घालतात, देवाला दिवा लावतात. सामान नंतर सोयीने जातं आणि वास्तुशांत दसऱ्याला किंवा पुढे होते. तुमच्या गुरुजींना विचारून तसं जमतंय का बघा. मुहूर्त कलशाचा सांभाळला की टेम्पो मोकळा होतो. त्याच फेरीत केरसुणी, बादली, मग, दोन बल्ब आणि एक एक्स्टेंशन बोर्ड घेऊन जा. नळाला पाणी येतं का, संडासात पाणी जातं का, मीटर चालू आहे का हे बघून या. यातलं एक जरी नसेल तर माणसांना फोन करू नका. सगळं असेल तर तिथूनच करा आणि दोन दिवस विचारा, एक ठरलेला आणि एक राखीव.

त्या दिवशी सकाळी बारा जण नकोत. जुन्या घरी चार, नव्या घरी चार, हमाल वेगळे. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी खोकी उघडायला बोलवा. पहिल्या दिवशी सगळे येतात आणि दुसऱ्या दिवशी, जेव्हा खरी दमछाक होते तेव्हा, तुम्ही एकट्याच असता. जेवण तुम्ही करायचं नाही. हे मी प्रत्येक घरात सांगतो. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बांधाबांध केलेली बाई सकाळी उठून दहा जणांचे पोहे करत असते. सकाळचे वडापाव आणि दुपारची पोळी-भाजी बाहेरून सांगा, किंवा ज्या जावेला उचलायला जमणार नाही तिच्याकडे सोपवा. हमाल आणि ड्रायव्हर यांनाही त्याच पंगतीत वाढा. मुंबईकडून येणाऱ्या मित्रांचं परतीचं भान ठेवा. संध्याकाळी सहाला, सगळं लागलेलं नसलं तरी, त्यांना उठवून स्टेशनवर सोडा. वेळेवर घरी पोचलेला माणूस पुढेही बोलावल्यावर येतो.

टेम्पो भरताना चार गोष्टी सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे सगळ्यात आधी उतरतील: सासूबाईंची गादी, चहाचं सामान, अंथरुणं-पांघरुणांचं गाठोडं आणि हत्यारांची पिशवी. देव टेम्पोत नको, ते घरातल्याच कोणाच्या तरी मांडीवर. लोणच्याची बरणीही तशीच. झाकणावर प्लास्टिक बांधून दादरा, म्हणजे तोंडाला बांधायचं फडकं, आवळा आणि रिक्षातून सासूबाईंबरोबर न्या. नव्या घरात पहिली त्यांची गादी अंथरा आणि जवळ पाण्याचा तांब्या ठेवा, मग बाकीचं उतरवा. जुनं घर सोडताना विजेच्या मीटरचा फोटो काढा, माळा आणि दारांमागे एकदा बघा, किल्ली देऊन अनामत रकमेचं लेखी घ्या. आणि पहिल्या रात्री खोकी उघडायला बसू नका. पलंगसुद्धा लावू नका. गाद्या खाली टाका, डास असतील तर मच्छरदाणी बांधा आणि झोपा. फ्रीज तेवढा झोपायच्या आधी चालू करा, सकाळच्या दुधाला लागेल.